वडिलांचा कुवेतचा रिसीव्हर: दुरुस्त करावा की नवं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९७९ साली कुवेतहून आणलेला सान्सुईचा रिसीव्हर, म्हणजे एकाच खोक्यात ॲम्प्लिफायर आणि रेडिओ, आणि त्याच्याबरोबरचे लाकडी जाळीचे दोन मोठे स्पीकर घरात आहेत. बारा वर्षं माळ्यावर पडून होते. रेकॉर्ड प्लेअर कधीच कुणाला तरी देऊन टाकला, पण शंभरेक तबकड्या जपून ठेवल्या आहेत. मेकॅनिकने दुरुस्तीचे चौदा हजार सांगितले. मुलगा म्हणतो, तेवढ्यात नवा ब्लूटूथ सेट येईल. काका म्हणतात, जुन्या सेटचा आवाज नव्याला सात जन्मात येणार नाही. घर डोंबिवलीत, हॉल बारा बाय दहाचा, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत.

मी हे काम १९८८ पासून करतो. आधी सहा वर्षं लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्याच्या टेबलावर, नंतर चिपळूणला स्वतःच्या. आमच्या खाडीपट्ट्यात घरटी एक माणूस आखातात असलेली गावं आहेत, त्यामुळे सान्सुई, अकाई, पायोनियर, टेक्निक्स हे माझं रोजचं जेवण. त्या अनुभवावर सांगतो.

आधी एक काम करा: तो सेट प्लगला लावून बघू नका. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि तेच त्याचं इन्सुलेशन. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की हा थर विरत जातो. मग एक दिवस अचानक २३० व्होल्टला जोडलं की कंडेन्सर गळतो, तापतो, कधी फुटतो, आणि जाताना दोन-चार ट्रान्झिस्टर बरोबर नेतो. माझ्याकडे असा सेट पहिल्यांदा चालू होतो तो सिरीज बोर्डावर. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या फेजमध्ये सिरीजला असतो. स्विच दाबला की बल्ब भक्कन पेटतो आणि मग हळूहळू मंदावतो, कारण आतले मोठे कंडेन्सर भरत आलेले असतात. शेवटी नुसती तांबूस तार दिसत राहिली की जीव भांड्यात पडतो. बल्ब तसाच लख्ख राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, स्विच बंद करा. बल्ब काही रुपयांचा, तो वाचवतो ते आउटपुट ट्रान्झिस्टर आता मिळतही नाहीत. एलईडी बल्बाने हे काम होत नाही, म्हणून मी फिलामेंटच्या बल्बांचा एक खोका कपाटात लपवून ठेवलाय.

दुसरं, मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. आखातातल्या सेटना तो बहुतेक असतोच. कुवेतला २४० व्होल्ट, त्यामुळे तुमचा बरोबर असण्याची शक्यता जास्त. पण सौदीत तेव्हा १२७ व्होल्टही चालायचे, आणि तिथून आलेला सेट सिलेक्टर न फिरवता इथे लावल्याची कहाणी मला वर्षातून एकदा तरी ऐकायला मिळते. हल्ली ऑनलाइन थेट जपानमधून सेट मागवणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथला सेट १०० व्होल्टचा असतो आणि जुन्या जपानी ट्यूनरचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच. आपली बहुतेक स्टेशनं ९० च्या पुढे. सेट सुंदर वाजेल, रेडिओ मात्र लागणार नाही.

आता मूळ वाद. काका आणि मुलगा दोघंही सेटला एक वस्तू धरून भांडतायत. तबकडी किंवा मोबाइल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही तीन वेगवेगळी यंत्रं आहेत, ती वेगवेगळ्या रीतीने म्हातारी होतात आणि गेल्या पंचेचाळीस वर्षांत त्यांची प्रगतीही सारखी झालेली नाही. शिवाय आज तो सेट लावलात तर कानावर पडेल तो १९७९ चा आवाज नसेलच. सुकलेले कंडेन्सर, काळे पडलेले कॉन्टॅक्ट आणि थकलेला क्रॉसओव्हर (स्पीकरच्या आतलं, खालचे आणि वरचे सूर वेगळे वाटून देणारं सर्किट) यांचा तो आवाज असेल. नव्या सेटशी त्याची तुलना म्हणजे पंचाहत्तरीच्या पैलवानाला वीस वर्षांच्या पोराशी लढवून तालमीबद्दल निष्कर्ष काढणं.

ॲम्प्लिफायरपासून सुरू करू, कारण तुमच्या घरात सगळ्यात भक्कम तोच आहे. त्या काळात अमेरिकेत वॉटच्या आकड्यांवरून इतकी फेकाफेक चालली होती की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला: ताकद सांगायची तर सलग चालणारी, किती ओहमला, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला (आवाजाच्या विकृतीला), हे सगळं सांगा. जपानी कंपन्यांची मोठी बाजारपेठ तिथेच होती, त्यामुळे त्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतले आकडे प्रामाणिक असतात. मॅन्युअलमध्ये ४० वॉट लिहिलंय तर टेबलावर ४० च्या वरच भरतो. नंतर नव्वदच्या दशकात आपल्याकडे खोक्यांवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कागदी कमाल ताकदीचे, हजार-दोन हजार वॉट छापून यायला लागले, त्या खोक्यातून खरे पंधरा वॉट निघाले तरी नशीब.

तेव्हाच्या चांगल्या ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन कानाला कळण्याच्या मर्यादेखाली होतं. आजच्या चांगल्या क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) ॲम्प्लिफायरचंही तसंच आहे. म्हणजे दोघांची तब्येत ठीक असेल आणि कोणालाच ताकदीबाहेर ताणलं नाही, तर फरक ऐकू येऊ नये. हे लोकांना पटत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक त्यांचा दुरुस्त केलेला पायोनियर न्यायला आले होते. जुन्याचा आवाज "भरलेला" असतो यावर ते ठाम. माझ्याकडे तळहातावर मावणारा एक क्लास डी बोर्ड होता. दोन्ही एकाच स्पीकरला स्विचने जोडले, हजार हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरवर दोघांचे व्होल्ट सारखे केले आणि स्विच टेबलाखाली घेतला. पाऊण तास बसले. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "आत्ता कुठला होता?" मलाही स्विच बघूनच सांगावं लागलं. व्होल्ट सारखे करणं ही यातली मेख आहे. एक डेसिबलने मोठा असलेला आवाज कुणालाही "चांगला" वाटतो, मोठा वाटत नाही. दुकानातल्या निम्म्या तुलना तिथेच फसतात.

मग लोक जुन्याची "ऊब" म्हणतात ती काय? कधी कधी खरोखर चांगला स्पीकर, पण बरेचदा आजार. स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले कंडेन्सर सुकले की ट्वीटरपर्यंत, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरपर्यंत, कमी आवाज पोचतो, धार जाते, सगळं गोडगोड वाटतं. ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायचे कंडेन्सर थकले की खालच्या सुरांना पकड राहत नाही, ते पसरतात, त्यालाही लोक "मऊपणा" म्हणतात. एका गिऱ्हाइकाचे क्रॉसओव्हरचे कंडेन्सर बदलून दिले तर आठवड्यात परत आले. आवाज टोचतोय, पूर्वीचा करून द्या. जुने कंडेन्सर मी टाकून देत नाही, पाकिटावर नाव लिहून ठेवतो. ते परत डाग देऊन बसवले. हसले, पैसे दिले, गेले. मला त्यात काही चूक वाटत नाही, पंधरा वर्षं त्यांच्या कानांनी तोच आवाज घरचा मानला होता. फक्त त्याला १९७० च्या दशकाची कला म्हणू नये एवढंच.

व्हॉल्व्हचे सेट हा वेगळा विषय आहे, तिथे डिस्टॉर्शन खरोखर ऐकू येतं आणि अनेकांना ते आवडतं. तुमचा सेट ट्रान्झिस्टरचा, म्हणून तो सोडतो. पण माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओही असेल आणि तो एसी-डीसी जातीचा असेल, म्हणजे आत यूसीएच ८१, यूएल ८४ असे यूवाले व्हॉल्व्ह दिसले, तर तो उघडून हात घालू नका. त्यात ट्रान्सफॉर्मरची आड नसते, प्लग उलटा बसला की लोखंडी चेसिसवरच फेज येतो.

तुमच्या रिसीव्हरमध्ये साधारण काय निघेल ते सांगतो. व्हॉल्यूम आणि बॅलन्स फिरवताना खरखर, ही कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी "टक" असा आवाज येतो तो प्रोटेक्शन रिलेचा, आणि त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. खूण अशी: हळू आवाजात एक बाजू गायब, व्हॉल्यूम वाढवला की झटक्यात परत येते. निम्मे लोक यावर "चॅनेल गेला" म्हणून ट्रान्झिस्टर बदलून बसतात. रिले बदलला की काम संपतं. पॉवर सप्लाय आणि सिग्नलचे कंडेन्सर बदलावे लागतील. ते १०५ अंशांचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे हवेत. चालताना दहा अंश कमी तापला तर कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून सेटच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवण्याची आपली पद्धत बंद. शेवटी स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजायचा. ५० मिलिव्होल्टच्या आत असला की मी स्पीकर जोडतो, त्याआधी नाही.

आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असतील तर मात्र सावध. बाजारात २ एससी ५२०० आणि २ एसए १९४३ ही जोडी ढिगाने मिळते आणि त्यात नकली माल ढिगाने असतो. वरून छपाई अगदी तशी, आत टिकलीएवढी चिप. पूर्ण आवाजात दहा मिनिटांत जातो. एसटीके आयसीचंही, म्हणजे ॲम्प्लिफायरचा आउटपुट भाग एका तुकड्यात असलेल्या चिपचंही, तेच. तुमच्या मेकॅनिकला विचारा की चौदा हजारांत नक्की काय काय बदलणार, आणि जुने भाग पिशवीत घालून परत द्या म्हणावं. जो लगेच "हो" म्हणतो त्याच्याकडे सेट ठेवायला हरकत नाही.

एका बाबतीत जुनं यंत्र नव्याला सहज हरवतं, ते म्हणजे दुरुस्ती. तुमच्या सेटचं सर्किट कागदावर मिळतं, प्रत्येक ट्रान्झिस्टरला पर्यायी नंबर आहे, बोर्डावरचे पट्टे डोळ्यांना दिसतात. पाच-सहा वर्षांपूर्वीचा साउंडबार माझ्याकडे येतो तेव्हा पॉवर सप्लाय गेला असेल तर करून देतो. मुख्य बोर्ड गेला असेल तर गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवतो.

आता स्पीकर. इथे मी काकांच्या विरोधात आहे.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. पुढचे सहा महिने माझ्याकडे चिखलाने भरलेले सेट येत होते. ॲम्प्लिफायर धुऊन, आयसोप्रोपिलने पुसून, उन्हात आठ-आठ दिवस ठेवून बरेच उठले. ट्रान्सफॉर्मर सुकवले, कंडेन्सर बदलले, चालले. स्पीकर जवळजवळ एकही वाचला नाही. भुशाच्या फळीचे खोके पाव चहात बुडवल्यासारखे फुगले, कोन (स्पीकरचे कागदी पडदे) ओल्या पुठ्ठ्यागत हातात आले. पूर न येताही हेच होत असतं, फक्त सावकाश. कोनाच्या कडेला फोमची रिंग असेल तर आमच्या दमट हवेत ती पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच पिठासारखी गळते. कापडाची, लेप दिलेली रिंग असेल तर चाळीस वर्षंही टिकते. तुमच्या स्पीकरची जाळी काढून बघा. नंतर दोन्ही हातांची बोटं कोनाच्या दोन बाजूंना सारख्या दाबाने ठेवून अगदी हळू आत ढकला. खर्रर् असं घासलं तर व्हॉइस कॉइल चुंबकाला लागतेय, गुपचूप परत गेला तर बरा आहे.

पण समजा अगदी धडधाकट निघाले. तरी ती लाकडी जाळीची, तीन-चार प्रकारच्या कोनांची मोठी जपानी कपाटं मुळातच दिसायला जास्त आणि वाजायला कमी, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागे कारण आहे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये खोका आणि वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) यांचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पुढे नेलं. त्याआधी खोक्याचं माप बरचसं अंदाजाने ठरायचं, आणि बाजारात तयार स्पीकरमध्ये ते गणित सगळीकडे उतरायला वेळ लागला. नंतर संगणक आले, लेसरने कोनाची हालचाल मोजता येऊ लागली. ॲम्प्लिफायर तेव्हाच पुरेसा चांगला झाला होता, स्पीकर मात्र त्यानंतर सुधारत राहिला. आजचा मध्यम किमतीचा साडेपाच-सहा इंची वूफरचा बुकशेल्फ स्पीकर गाणाऱ्याचा गळा त्या कपाटापेक्षा सरळ दाखवतो. तंबोऱ्याच्या जवारीवर ऐका, लगेच कळेल.

फुकट मात्र काहीच नाही. जे. अँटन हॉफमन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: लहान खोका, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्हीपैकी कुठल्याही दोनच गोष्टी मिळतात. तुमची कपाटं एका वॉटला ९२ डेसिबलच्या आसपास देत असतील, तर नवा छोटा स्पीकर ८६. सहा डेसिबलचा फरक म्हणजे चौपट ताकद. दहा वॉटला जे काम व्हायचं त्याला चाळीस लागतील. तुमच्या हॉलमध्ये दहा वॉटही क्वचितच लागतात, तेव्हा हा हिशोब तुम्हाला जड नाही. उलट बारा फुटांची खोली साधारण ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांची बाजू ५६ हर्ट्झला घुमते. कोपऱ्यात मोठी कपाटं लावलीत की डग्ग्याची घुमक भिंतीच वाजवतील, आणि शेजारी दार.

मुलाच्या ब्लूटूथ डब्याचंही हेच गणित. एवढ्याशा खोक्यातून खर्ज काढायला आतला प्रोसेसर हळू आवाजात खालचे सूर भरपूर वाढवतो, आणि आवाज वाढवत नेला की कोन फाटू नये म्हणून तेच सूर गुपचूप मागे घेतो. हळू लावलं तर डग्गा गुबगुबीत, मोठं केलं की डग्गा कुठे गेला कळत नाही. स्वयंपाक करताना ऐकायला उत्तम, मीही वापरतो. बैठक मारून ख्याल ऐकायला नाही.

या प्रोसेसरच्या युक्तीचं जुनं भावंड तुमच्या रिसीव्हरवर आहे: लाउडनेस नावाचं बटण. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये मोजून ठेवलंय. रात्री साडेदहानंतर फ्लॅटमध्ये ऐकायचं असेल तर ते बटण दाबा. नव्या महागड्या ॲम्प्लिफायरवरून ते गायब झालंय, मला विचाराल तर उगाचच.

तबकड्यांसाठी तुमच्या रिसीव्हरची खरी किंमत मागच्या फोनो सॉकेटमध्ये आहे. तबकडीवर खर्ज मुद्दाम कमी आणि तीव्र सूर मुद्दाम वाढवून कोरलेले असतात. १९५४ पासून त्याचं एक ठरलेलं माप आहे, आरआयएए नावाचं, आणि वाजवताना ते बरोबर उलटं करावं लागतं. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (प्लेअरची पिन बसवलेल्या भागातून) येतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. हे सांभाळणारी पायरी तुमच्या सेटमध्ये चांगल्या दर्जाची आहे, नव्या अनेक सेटमध्ये ती नसतेच. प्लेअर नवा घेताना सुटकेससारखी घडी होणारी रंगीत खेळणी टाळा. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजची पिन पाच-सहा ग्रॅमचा भार देऊन तबकडीवर बसते, चांगल्या प्लेअरची दीड-दोन ग्रॅमने. वडिलांच्या तबकड्या त्याखाली घालू नका. अमेरिकेतून कुणी जुना प्लेअर आणत असेल तर मोटर विचारा. विजेच्या ठेक्यावर फिरणारी एसी मोटर असेल तर तिथे ६० हर्ट्झ, इथे ५०, म्हणजे ३३ च्या जागी तबकडी अठ्ठावीसलाही पोचणार नाही आणि काळी चारची पट्टी पांढरी चारपर्यंत उतरेल.

तबकडी की डिजिटल? मोजून बघितलं तर १९८२ साली आलेल्या सीडीनेच तो सामना संपवला होता. सीडीची रेंज ९६ डेसिबल, तबकडीची साठ-सत्तर. तरीही जुनी तबकडी कधी कधी बरी वाटते, कारण तेच ध्वनिमुद्रण नंतर डिजिटलवर आणताना कुणीतरी दाबून, सपाट करून, मोठं केलेलं असतं. तो दोष माध्यमाचा नाही.

मोबाइल जोडण्यासाठी एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर किंवा डॅक (डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारा डबा) घ्या आणि ऑक्सला लावा. डिजिटल यंत्रं दोन व्होल्टपर्यंत देतात, तुमच्या सेटच्या ऑक्सला १५०-२०० मिलिव्होल्टची सवय आहे. त्यामुळे व्हॉल्यूमचं बटण जरा हलवलं की घर हादरेल. मोबाइलवरच आवाज निम्म्यावर ठेवा किंवा मधे पातळी कमी करणारा ॲटेन्युएटर टाका.

तर असं करा. चौदा हजारांत कंडेन्सर, रिले, सफाई आणि डीसी-बायस सेटिंग येत असेल आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल, तर रिसीव्हर दुरुस्त करा. ट्रान्सफॉर्मर जळका निघाला तर नाही. जुन्या स्पीकरवर एक रुपयाही घालू नका. रिंग कापडाची निघाली तर तात्पुरते वाजवा, आणि मुलाला जो खर्च करायचाच आहे तो एका बुकशेल्फ जोडीवर करू द्या.

सेट न्यायच्या आधी झाकणाच्या पट्ट्यांमधून टॉर्च मारून बघा, माळ्यावरच्या सेटमध्ये उंदराचं घरटं हमखास सापडतं. उचलताना ट्रान्सफॉर्मर ज्या बाजूला आहे ती बाजू तुमच्याकडे घ्या, सगळं वजन तिथेच असतं, आणि पुढच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला धरू नका. रिक्षात मांडीवर, खाली उशी.